गोल कण, चपटे कण: आकारामुळे निलंबन कसे बदलते ते घरी कसे तपासावे

द्रवात न विरघळणारे बारीक कण मिसळले की निलंबन होते. ते किती दाट होईल, हे कण किती घातले यावर ठरतेच; पण कण गोल की चपटे, यानेही फरक पडतो. तो पाहायला ५० मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या) आसपासचे गोल काचमणी आणि साधारण तेवढ्याच मापाच्या चपट्या कणांची अभ्रकाची भुकटी पुरे. भुकटी हाताळताना मास्क लावा.

आधी माप. बहुतेक चुका इथेच होतात. दोन्ही भुकट्या सारख्या वजनाच्या नकोत, सारख्या घनफळाच्या हव्यात. चमच्याने मोजाल तर कणांमधली हवाही मोजली जाईल. म्हणून घनतेवरून वजन काढा. काचेची घनता सुमारे २.५ ग्रॅम प्रति मिलि, अभ्रकाची २.८. एका भांड्यात ९५ मिलि ग्लिसरिन आणि १२.५ ग्रॅम काचमणी, दुसऱ्यात तेवढेच ग्लिसरिन आणि १४ ग्रॅम अभ्रक. दोन्हीकडे कण ५ टक्के. तिसऱ्यात नुसते ग्लिसरिन.

तिन्ही भांडी झाकून एकाच जागी तासभर ठेवा. तापमान २० वरून २५ अंशांवर गेले तरी ग्लिसरिनचा दाटपणा जवळपास एक तृतीयांशाने उतरतो.

मग नरसाळे. हलक्या हाताने, बुडबुडे न येऊ देता ढवळा. प्रत्येक द्रव एकाच नरसाळ्यात सारख्या पातळीपर्यंत भरून गळायला लागणारा वेळ मोजा. गोल कणांसाठी आइन्स्टाइनचे सूत्र आहे: कण घनफळाने जितके टक्के, त्याच्या अडीच पट टक्क्यांनी दाटपणा वाढतो, म्हणजे इथे साडेबारा टक्के. वेळ मात्र त्याहून थोडा कमी वाढेल, कारण काचेने जड झालेले मिश्रण स्वतःच्या भाराने लवकर उतरते. (१९०६ साली आइन्स्टाइनने दिलेला आकडा वेगळाच होता, हिशेबातली चूक त्याने १९११ मध्ये सुधारली.)

अभ्रकाला जास्त वेळ लागेल. वाहत्या द्रवात कण गरगरतात, आणि चकती फिरताना स्वतःच्या घनफळापेक्षा कितीतरी मोठी जागा अडवते. ढवळताना अभ्रकात रेशमी पट्टे दिसतात, तेही नीट पाहा: चकत्या प्रवाहाच्या दिशेने ओळीत लागल्याची ती खूण.

शेवटी गाळ. तेवढेच कण पाण्यात हलवून उंच, अरुंद नळीत ठेवा. काचमणी काही मिनिटांत तळाशी जाऊन घट्ट बसतात. अभ्रक रेंगाळते, आणि घनफळ तेवढेच असूनही त्याचा थर जास्त उंच, पोकळ राहतो.