फ्लॅटमधे रोझमेरीचा बोन्साय करताय? मग या चुका टाळा

बाल्कनी नाही, अंगण तर नाहीच, फक्त ऊन येणारी एक खिडकी आहे आणि बोन्साय करायचाय, तर रोझमेरी (स्वयंपाकातही वापरतात ते सुगंधी पानांचं झुडूप) घ्या. खोड लवकर लाकडासारखं होतं आणि पानं मुळातच बारीक, त्यामुळे छोटंसं झाडपण जुनं दिसतं. पण बऱ्याच जणांची रोझमेरी थोड्याच दिवसात जाते आणि सगळे हवेला नावं ठेवतात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवेचा त्रास होतो हे खरंय, पण बहुतेक वेळा झाड मरतं ते आपल्याच पाण्याने.

हे मूळचं भूमध्य समुद्राकाठचं, खडकाळ कोरड्या जमिनीतलं झाड. रोज सकाळी चहाबरोबर त्याला पण पेलाभर पाणी, हे चालत नाही. आणि गंमत म्हणजे मुळं कुजली की पानं मलूल होतात, शेंडे तपकिरी पडतात, आपल्याला वाटतं तहानलंय, म्हणून आपण अजून पाणी घालतो आणि खेळ खल्लास. बोट इंचभर मातीत घालून बघा, ओलं लागलं तर राहू दे. उलट माती पार सुकूही देऊ नका, कारण हे झाड तुळशीसारखं मान टाकून सांगत नाही, पानं कुरकुरीत झाली म्हणजे उशीर झालेला असतो.

नर्सरीतली चिकट लाल माती किंवा नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तसंच ठेवू नका. जाड वाळू, विटेचे बारीक तुकडे, परलाईट (कुंडीत मिसळायचे हलके पांढरे खडे), यातलं जे मिळेल ते निम्म्याच्या आसपास मिसळा. कुंडीला भोक हवंच, खालच्या बशीत पाणी साचू द्यायचं नाही.

आणि घाई! रोप आणलं त्याच दिवशी मुळं छाटली, फांद्या कापल्या, वळण द्यायला तार गुंडाळली, उथळ ट्रेमधे बसवलं, फोटो टाकला... अहो, झाडाला श्वास तरी घेऊ द्या. एका वेळी एकच काम, मधे काही आठवडे जाऊ द्या, आणि मे महिन्याच्या उन्हाळ्यात मुळांना हात लावूच नका. फांदी छाटताना तिच्यावर थोडी हिरवी पानं राहिली पाहिजेत, कारण जुन्या उघड्या लाकडातून सहसा नवीन फूट येत नाही. तार फक्त कोवळ्या फांदीला, जुनी कटकन मोडते.

ऊन रोज 5-6 तास थेट हवं, ‘हॉलमधे उजेड भरपूर आहे’ हे ऊन नव्हे. तेवढं नसेल तर एलईडी ग्रो लाईट (झाडं वाढवायचा खास दिवा) 12-14 तास लावा, साधी ट्यूब पुरत नाही. खिडकी उघडी ठेवा, हवा खेळली नाही की पानांवर पांढरी भुकटी धरते.

खुडलेले शेंडे सगळेच बटाट्यावर टाकू नका. चार बोटं लांबीचे दोन-तीन घ्या, खालची पानं काढा, ओलसर वाळूत खोचून सावलीत ठेवा. मेन झाड गेलंच तर हाताशी दुसरं असेल.