जुना नॅस सारखा बंद पडतोय? आधी अ‍ॅडॅप्टर बघा

कोल्हापुरात पावसाळ्यात लाइट ये-जा करायला लागली, की घरातला सात-आठ वर्षांचा नॅस (घरच्या नेटवर्कवर सगळ्यांच्या फाइली साठवणारा डिस्कचा डबा) रुसतो. दिवा लुकलुकतो, डिस्क फिरायला लागते आणि पुन्हा सगळं थंड. लगेच ‘डिस्क गेली’ म्हणून कपाळाला हात लावू नका. बऱ्याचदा दोष अ‍ॅडॅप्टरचा असतो. आतले कपॅसिटर म्हातारे झाले, की मल्टीमीटरवर १२ व्होल्ट नीट दिसतात, पण डिस्क सुरू होताना जास्त करंट लागतो तेव्हा व्होल्टेज कोसळतं. म्हणून नुसतं मोजून भागत नाही, दुसरा अ‍ॅडॅप्टर लावूनच बघा. व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनची पोलॅरिटी (प्लस-मायनसची बाजू) तीच हवी.

डिस्क काढायच्या असतील तर आधी त्यांवर १, २ असे क्रमांक लिहा. त्या विंडोजच्या पीसीला जोडल्यावर ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं जाईल. नाही म्हणा! बहुतेक नॅसची फाइल सिस्टिम लिनक्सची असते, विंडोजला ती ओळखता येत नाही एवढंच.

नॅस सुरू झाला, की स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) उघडा. ‘पेंडिंग सेक्टर’ (डिस्कला नीट वाचता न आलेले भाग) शून्याच्या वर असतील तर आधी डेटाची कॉपी, रेडची (अनेक डिस्क एकत्र जोडून डेटा ठेवायची रचना) पुनर्बांधणी नंतर. पुनर्बांधणीत उरलेली डिस्क अखंड वाचली जाते आणि दमलेली डिस्क नेमकी तेव्हाच मान टाकते.

पंख्यातली धूळही काढा. आणि नवा छोटा यूपीएस घ्याच, घरच्या इन्व्हर्टरच्या भरवशावर राहू नका. लाइट गेल्यावर तो सुरू होईपर्यंतच्या क्षणात नॅस बंद पडू शकतो.