आश्विनातली फुलबाग : मांडणी बदलताना या चुका टाळा

पावसाने चार महिने सांभाळलेली बाग आणि पुढे चार महिने आपण सांभाळायची बाग, यांच्यामध्ये जेमतेम तीन-चार आठवडे असतात. पुणे आणि आसपासच्या देशावरच्या भागात हा काळ साधारण घटस्थापनेच्या सुमारास सुरू होतो आणि दिवाळीपूर्वी संपतो. कोकणात आणि गोव्यात पाऊस रेंगाळत असल्यामुळे तो थोडा पुढे सरकतो. तेरडा झडू लागलेला असतो, कॉसमॉस आडवा झालेला असतो, गुलाबाच्या फांद्या वेड्यावाकड्या वाढलेल्या असतात, आणि एका रविवारी सगळे साफ करून बाग नव्याने लावावी अशी तीव्र इच्छा होते. फुलबागेत मी ज्या चुका केल्या आणि इतरांना करताना पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक या एका रविवारच्या घाईतून झालेल्या आहेत. आश्विनात प्रत्येक झाड आपल्या वर्षाच्या निराळ्या टप्प्यावर असते, आणि कोणते झाड कुठे उभे आहे हे पाहिल्याशिवाय हात लावला की नुकसान होते.

वाफसा येण्याआधी माती उकरणे

शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, पण शहरात बाग करणाऱ्यांपैकी अनेकांना वाफसा हा शब्दच माहीत नसतो. जमिनीतले जास्तीचे पाणी निचरून गेले आहे, ओल मात्र शिल्लक आहे आणि मातीच्या कणांमध्ये हवा खेळू लागली आहे, अशा अवस्थेला वाफसा म्हणतात. पाऊस थांबल्याच्या दुसऱ्याच दिवशी काळ्या मातीत खुरपे किंवा कुदळ चालवली, तर माती थापल्यासारखी दबते, तिचे ढेकूळ होतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात ते विटेसारखे कडक होतात. मग त्या वाफ्यात हंगामी फुलांची नाजूक मुळे नीट पसरत नाहीत. परीक्षा सोपी आहे. वीतभर खोलीवरची मूठभर माती घेऊन तिचा लाडू वळावा आणि कमरेच्या उंचीवरून तो खाली सोडावा. लाडू फुटून भुगा झाला तर वाफसा आला आहे असे समजावे, चपटा होऊन तसाच राहिला तर आणखी दोन-तीन दिवस थांबावे, आणि लाडू वळलाच नाही तर उशीर झाला आहे; हलके पाणी देऊन पुन्हा वाट पाहावी.

मागच्या ऋतूतले ऊन गृहीत धरून कुंड्या लावणे

मांडणी बदलताना होणारी सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी लक्षात येणारी चूक हीच आहे. कुंड्यांची उंची आणि फुलांचे रंग यांचा विचार सगळे करतात, पण सूर्य जागा बदलतो आहे याचा विचार फार थोडे करतात.

पुण्याच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य माध्यान्हीसुद्धा किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे उत्तरेकडच्या गॅलरीतही ऊन येते. २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य नेमका पूर्वेला उगवतो आणि त्यानंतर दररोज थोडा अधिक दक्षिणेकडे सरकतो. याचा अर्थ असा की त्या दिवसापासून थेट २१ मार्चच्या आसपासपर्यंत शुद्ध उत्तराभिमुख गॅलरीत थेट ऊन येतच नाही. जूनमध्ये तिथे बहरलेला गुलाब डिसेंबरात का रुसला, म्हणून खतावर खत घालणारे लोक मी पाहिले आहेत. त्या झाडाला खत नको होते, दक्षिणेची किंवा पूर्वेची जागा हवी होती. याउलट दक्षिणेकडच्या गॅलरीत पावसाळाभर सुखाने वाढलेले नेचे आणि बेगोनिया ऑक्टोबरच्या तिरप्या, आत शिरणाऱ्या उन्हात करपतात. या दोघांची अदलाबदल हेच खरे तर आश्विनातले पहिले काम असायला हवे.

गच्चीवर हाच हिशोब कठड्याच्या सावलीतून दिसतो. दक्षिणेकडचा कठडा ३ फूट उंच असेल, तर भर दुपारी त्याची सावली सप्टेंबरअखेर जेमतेम १ फूट पडते, पण डिसेंबरअखेर ती पावणेतीन फुटांपर्यंत लांबते. आज उन्हात आहे म्हणून दक्षिण कठड्याला लागून पिटुनिया आणि फ्लॉक्सची रोपे ओळीने मांडली, तर ऐन बहराच्या दिवसांत ती सावलीत जातील. ती गच्चीच्या उत्तरेकडच्या बाजूला ठेवावीत, किंवा विटांच्या थरावर उंच करावीत, आणि दक्षिण कठड्याच्या पायथ्याशी कमी उन्हात राहणारी झाडे आणावीत.

जागा बदलायची तीही एका झटक्यात नाही. चार महिने ढगाळ प्रकाशाला सरावलेली पाने एकदम ऑक्टोबरच्या उन्हात आणली की त्यांच्यावर पांढुरके, कागदासारखे डाग पडतात, आणि तो रोग समजून फवारणी सुरू होते. आठवडाभर रोज तास-दोन तासांनी ऊन वाढवत नेले, तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

सगळ्या झाडांवर एकाच दिवशी कात्री चालवणे

ऑक्टोबर म्हणजे छाटणीचा महिना असे सर्रास सांगितले जाते. ते गुलाबाबाबत खरे आहे, आणि गुलाबावरून बाकीच्या झाडांना लावलेला हा नियम पुष्कळ बहर वाया घालवतो.

गुलाबाची छाटणी पाऊस पूर्ण उघडल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या मध्यास करावी. सप्टेंबरच्या दमट हवेत केली तर कापलेल्या टोकातून बुरशी शिरते आणि फांदी वरून खाली काळी पडत जाते. मेलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या काढून टाकाव्यात, चार-पाच जोमदार फांद्या ठेवाव्यात, आणि त्या गुडघ्याच्या थोड्या वर, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवी फांदी फुटते त्या उंचवट्याच्या, अर्धा सेंटिमीटर वरती तिरप्या कापाव्यात. आतल्या बाजूच्या डोळ्यावर कापले तर नवी फांदी झुडपाच्या पोटात शिरते आणि तिथे हवा खेळत नाही. कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाचा लेप लावावा. छाटणीपासून सुमारे ४५ ते ५० दिवसांनी फुले येतात, म्हणून दिवाळीत गुलाब हवा या हिशोबाने छाटणी अलीकडे ओढू नये. डोळा भरलेल्या, म्हणजे कलम बांधलेल्या, सांध्याच्या खालून निघालेला जोमदार फुटवा हा खुंटाचा, म्हणजे रानगुलाबाचा असतो. तो जोमदार दिसतो म्हणून ठेवण्याची चूक फार होते, आणि दोन वर्षांत मूळ गुलाब संपून जातो. वेलगुलाबाला आणि गावठी गुलाबाला मात्र ही कडक छाटणी लागू नाही. त्यांची फक्त वाळलेली काडी काढावी.

शेवंतीला या दिवसांत कात्री लावणे म्हणजे दिवाळीनंतरची फुले आत्ताच कापून टाकणे. तिचे शेंडे खुडायचे ते ऑगस्टपर्यंत. रात्र मोठी होऊ लागली की ती कळ्या धरते, आणि त्या कळ्या सुरुवातीला मोहरीएवढ्या असल्याने पानांत दिसत नाहीत. एका वर्षी झुडूप बेढब झाले म्हणून मी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते छान गोल कापले आणि त्या हिवाळ्यात घरात शेवंतीचे एकही फूल आले नाही. ती हळहळ अजून जात नाही. शेवंती फुलत नसल्याच्या तक्रारीत आणखी एक कारण नेहमी सापडते. रस्त्यावरचा किंवा गच्चीवरचा दिवा रात्रभर तिच्यावर पडत असेल, तर तिच्या दृष्टीने रात्र मोठी होतच नाही आणि कळ्या लांबतात. अशी कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवावी.

पारिजातक आता ऐन बहरात असतो, त्याला हातही लावू नये. मोगरा याच्या अगदी उलट आहे: त्याचा बहर उन्हाळ्यात असल्यामुळे आत्ता तो निस्तेज दिसतो, म्हणून कोणी त्याला खत देतात, कोणी मेला समजून उपटतात. त्याला थंडीपर्यंत आहे तसा राहू द्यावा, थंडीत पाणी तोडावे, पाने उतरली की छाटावे. जास्वंद बाराही महिने फुलते; तिची लांब गेलेली टोके खुडणे पुरेसे आहे.

कुंडी एकदम मोठी घेणे

पावसाने कुंडीतली माती घट्ट बसते, खालचे भोक मुळांनी किंवा गाळाने बुजते, आणि कुंडी बदलणे आवश्यक होते. इथे हौसेने ८ इंची कुंडीतले रोप थेट १४ इंचीत लावले जाते. मुळे पोहोचत नाहीत तिथली माती सतत ओली राहून आंबते आणि रोप पिवळे पडते. एका वेळी दोन इंचांनी मोठी कुंडी घ्यावी. गोळ्याभोवती गोल फिरलेली मुळे बोटांनी सैल करावीत, हे काम संध्याकाळी करावे, आणि वरती इंचभर जागा पाण्यासाठी सोडावी. पोयट्याची माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड एवढे मिश्रण बहुतेक फुलझाडांना पुरते. ताजे शेण घातले तर हुमणीला, म्हणजे मुळे खाणाऱ्या पांढऱ्या अळीला, आमंत्रण मिळते. रासायनिक खत मात्र नवी पालवी दिसेपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, देऊ नये.

पाण्याबाबत एवढेच सांगावेसे वाटते की वेळापत्रक बाजूला ठेवावे. ऑक्टोबरात वरचा थर तासाभरात कोरडा दिसतो आणि आत चिखल असतो. बोट दोन पेरे आत घालून पाहावे, मगच पाणी द्यावे. कुंडीखालच्या थाळ्या आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करून घासाव्यात, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो.

गोगलगायींसाठी वाफ्यात मीठ टाकणे

पावसाच्या शेवटी मोठ्या आफ्रिकी गोगलगायी रात्रीतून झेंडूची कोवळी रोपे बुंध्यापासून खाऊन टाकतात. रागाने मातीवर मीठ पसरले जाते, गोगलगायी मरतात, आणि मातीही अनेक महिने निकामी होते. त्याऐवजी संध्याकाळी वाफ्याच्या कडेला ओले गोणपाट अंथरावे; पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात आणि बादलीतल्या मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. कुंड्या हलवताना प्रत्येक कुंडीचा तळ उलटून पाहावा, कारण दिवसा त्या तिथेच दडतात.

जास्वंदीवरचा पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला की आधी मुंग्या शोधाव्यात. त्याच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्याला जपतात, आणि त्या राहिल्या तर फवारणीचा उपयोग टिकत नाही. लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा द्रव साबण घालून संध्याकाळी फवारावे. सकाळी मधमाश्या फुलांवर असतात.

कासहून रोप उपटून आणणे

सप्टेंबरात कासचे पठार पाहून आलेल्या काहींच्या पिशवीत सोनकीचे किंवा रानतेरड्याचे रोप असते. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या स्थळांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कास आहे, आणि केवळ त्या कारणानेही तिथले पान तोडू नये. शिवाय ती रोपे जांभ्यावरच्या काही इंच जाडीच्या, नापीक, धुक्याने भिजणाऱ्या मातीची आहेत. सीतेची आसवे ही तिथली चिमुकली निळी-जांभळी फुले तर सूक्ष्म जीव पकडून आपली गरज भागवणाऱ्या वनस्पतीची आहेत. शेणखताच्या कुंडीत ती जगू शकत नाही. रानतेरड्याची हौस अंगणातल्या तेरड्याने पुरवावी. त्याची पिकलेली बोंडे बोट लावताच फुटतात, म्हणून ती किंचित पिवळी होताच कागदी पाकिटात घ्यावीत. प्लास्टिकच्या पिशवीत बी ओल धरते आणि बुरसते.

केवळ रंग पाहून मांडणी करणे

फाटकातून आत येणाऱ्याला रंगांची उतरंड सुंदर दिसते, पण जो घरात राहतो त्याने बाग फुलांच्या वेळांप्रमाणे मांडावी असे माझे ठाम मत आहे. पारिजातक संध्याकाळी उमलतो आणि पहाटे ओघळतो. त्याखाली कुंड्यांची गर्दी केली तर फुले चिखलात पडतात, म्हणून तेवढी जागा मोकळी आणि झाडलेली असावी. झेंडू आणि झिनिया दिवसभर उन्हात राहतील अशा ठिकाणी, स्वयंपाकघराच्या किंवा कामाच्या खिडकीसमोर ठेवावेत, कारण या दिवसांत फुलपाखरे त्यांच्यावर सतत येतात. गुलबक्षी दुपारी चारनंतर उमलते. तिची जागा चहाला बसतो तिथे. निशिगंध खिडकीजवळ चालतो, रातराणी मात्र झोपण्याच्या खोलीपासून दूर असावी, तिचा दर्प अनेकांना रात्री सोसत नाही.

कोजागरीला गच्चीवर बसणार असाल, तर आदल्या दिवशी तगर, निशिगंध आणि पांढऱ्या सदाफुलीच्या कुंड्या बसण्याच्या जागेभोवती आणून ठेवाव्यात. चांदण्यात लाल आणि जांभळे रंग काळे दिसतात, पांढरी फुले तेवढी उजळतात. दूध आटेपर्यंत गच्चीवरचा दिवा मालवावा, आणि कोपऱ्यात शेवंती असेल तर तो नंतरही मालवलेलाच ठेवावा.