मत्स्यटाकीतील नायट्रीकरण : या चुका टाळा

टाकी सकाळी मांडून संध्याकाळी तिच्यात आठ गोल्डफिश सोडणाऱ्यांची समजूत घालून मी थकलो आहे. माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो. नायट्रोसोमोनास गटातील जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि मुख्यतः नायट्रोस्पायरा त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात; हेच नायट्रीकरण. पहिली दोन द्रव्ये माशांना विषारी, तिसरे बरेच सुसह्य. या व्यवहारातून जीवाणूंच्या पदरी ऊर्जा इतकी थोडी पडते, की आतड्यातला ई. कोलाय जीवाणू जिथे 20 मिनिटांत दुप्पट होतो, तिथे यांना सगळे मनाजोगते असूनही अर्धा ते एक दिवस लागतो. नव्या टाकीला चार ते सहा आठवडे द्यावे लागतात, ते यामुळे.

सर्वांत घातक चूक म्हणजे फिल्टरचा स्पंज नळाखाली धुणे. हे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नसून स्पंजवरच्या त्या तपकिरी, बुळबुळीत थरात राहतात. कोथरूडच्या घरी एका दिवाळीच्या साफसफाईत मीच तो स्पंज क्लोरीनच्या पाण्याखाली पिळून अगदी पिवळाधमक केला होता. भाऊबीजेला पाहुणे जेवत असताना मासे पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकू लागले. नायट्राइटची चाचणी गडद जांभळी, म्हणजे प्रमाण फार वाढलेले, आली. नायट्राइट रक्तात शिरले, की हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहता येत नाही. मेलेल्या दोन माशांचे कल्ले तपकिरी पडले होते. निम्मे पाणी बदलले आणि थोडे साधे मीठ घातले, कारण मिठातले क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांशीच अडवते. बाकीचे वाचले. तेव्हापासून स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा दाबतो, बस्स.

वीज वाचवण्यासाठी रात्री फिल्टर बंद करू नये, कारण जीवाणूंना 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे 4.6 मिलिग्रॅम प्राणवायू लागतो आणि स्पंजमधून पाणी वाहायचे थांबले, की तो त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

नायट्रीकरणात आम्लही तयार होते. धरणाचे पाणी मऊ असल्यास सामू (pH) घसरत सहाच्या आसपास येतो आणि जीवाणूंचे काम मंदावते. म्हणून मी फिल्टरमध्ये शिंपल्यांच्या चुऱ्याची पुरचुंडी ठेवतो; तो हळूहळू विरघळून आम्ल मारतो.

आमच्या पुण्यात अनेकदा गुरुवारी नळाचे पाणी बंद असते, म्हणून टाकीतले पाणी बदलायला बुधवारीच बादली भरून ठेवावी. क्लोरीनही उडून जातो.

बाटलीतले जीवाणू ओतून दुसऱ्याच दिवशी मासे आणणाऱ्यांनी त्याच दुकानातून अमोनिया आणि नायट्राइटचे टेस्ट किटही घ्यावे आणि माशांविना टाकीत अमोनियासाठी चिमूटभर खाद्य टाकून दोन्ही आकडे वाढून पुन्हा शून्यावर येईपर्यंत तिच्याकडे पाहत बसावे.