अमेरिकेतल्या जुन्या प्रदर्शनांची मेडल्स जमवायचीत? आधी एकच प्रदर्शन धरा

मी मूळची अकोल्याची. आमच्याकडे दिवाळीच्या आसपास जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची लांबच लांब रांग लागायची, तेव्हापासून कापूस म्हटलं की माझे कान टवकारतात. अमेरिकेत आल्यावर एका फ्ली मार्केटमध्ये १८९५ सालच्या अटलांटाच्या कॉटन स्टेट्स प्रदर्शनाचं मेडल दिसलं आणि तिथून हा नाद लागला. आता ओळखीतले दोन-तीन जण विचारतात की आम्हालाही सुरू करायचंय, काय घेऊ, कुठून घेऊ, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

सगळ्यात आधी एक सांगते. "एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन मेडल्स" असं काही जमवायला जाऊ नका, त्याला अंतच नाही. त्या काळात तिथं गावोगावी, राज्याराज्यात प्रदर्शनं भरायची, शेतीची, यंत्रांची, खाणींची, कापसाची, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी कसलं ना कसलं मेडल निघायचं. एक प्रदर्शन धरा, फार तर एका विषयाची दोन-तीन. त्याचा नकाशा बघा, किती दिवस चाललं, कोणत्या इमारती होत्या, काय गाजलं ते वाचा, आणि मग पैसे काढा. हे उलटं केलं की सहा महिन्यांत डबाभर बिल्ले जमतात पण त्यातल्या एकाबद्दलही दोन वाक्यं सांगता येत नाहीत.

निवडायला भरपूर आहे. १८७६ चं फिलाडेल्फियाचं सेंटेनियल, म्हणजे अमेरिकेच्या शंभरीचं प्रदर्शन, सगळ्यांना माहीत असतं, १० मे ते १० नोव्हेंबर चाललं आणि जवळपास एक कोटी लोक येऊन गेले, बेलचा टेलिफोन तिथंच लोकांनी पाहिला. त्यातलं मेमोरियल हॉल अजून उभं आहे, आत आता लहान मुलांचं म्युझियम आहे, मुलांना घेऊन गेलात तर आख्ख्या प्रदर्शनाचं जुनं मॉडेल तिथं ठेवलंय ते चुकवू नका. (आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टरकी शिकायला आल्या तेव्हाही ही इमारत तिथं होतीच, मला दर वेळी तिथं गेलं की हेच आठवतं.) पण माझं मन छोट्या, प्रादेशिक प्रदर्शनांकडे जास्त ओढतं. डेन्वरचं १८८२ चं खाणींचं, लुईव्हिलचं १८८३ ला सुरू झालेलं सदर्न एक्स्पोझिशन जिथं एडिसनचे साडेचार हजारांच्या वर दिवे लावले होते, नॅशव्हिलचं १८९७ चं, ओमाहाचं १८९८ चं. सॅन फ्रान्सिस्कोत १८९४ च्या जानेवारीत मिडविंटर प्रदर्शन भरलं, का तर बाकी देश बर्फात असताना आमच्याकडे ऊन आहे हे दाखवायला, गोल्डन गेट पार्कमधली जपानी बाग त्याचीच राहिलेली खूण आहे.

आणि कापसाची तीन. अटलांटा १८८१, न्यू ऑर्लिन्स १८८४-८५, परत अटलांटा १८९५. अटलांटाच्या १८८१ च्या प्रदर्शनात एके दिवशी सकाळी शेतातून वेचलेला कापूस तिथल्या तिथं पिंजून, सूत काढून, विणून, शिवून संध्याकाळपर्यंत त्याचे सूट तयार केले आणि दोन गव्हर्नरांनी ते अंगावर घातले! न्यू ऑर्लिन्सची मुख्य इमारत ३३ एकरांवर एका छपराखाली होती. आणि आपला संबंध कुठं येतो, तर अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, दक्षिणेचा कापूस अडकला, तेव्हा १८६१ ते ६५ मुंबईत कापसावर पैशाचा पाऊस पडला आणि युद्ध संपल्याबरोबर सगळं कोसळलं. ही प्रदर्शनं म्हणजे त्याच दक्षिणेनं परत उभं राहून जगाला सांगणं की आमचा कापूस परत आलाय. मला या मेडलांमध्ये अकोला आणि अटलांटा, दोन्ही गावं दिसतात.

आता वस्तूकडे येऊ. ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. एक अधिकृत मेडल, म्हणजे प्रदर्शनाच्या कमिटीनं किंवा सरकारी टांकसाळीनं काढलेलं. दुसरं आठवण म्हणून विकलेलं, हे खाजगी लोक पाडायचे, प्रदर्शनाच्या आवारात आणि बाहेर विकायचे, काहींच्या मागे दुकानाची जाहिरातही असते. तिसरं बक्षिसाचं, ज्यावर नाव कोरलेलं असतं. नवीन माणसानं दुसऱ्या प्रकारापासून सुरू करावं, वीस-तीस डॉलरमध्ये चांगली मिळतात आणि चुकलं तरी फार लागत नाही.

३३ ते ४५ मिलिमीटर व्यासाच्या, साधारण चांदीच्या डॉलरएवढ्या मेडलांना इकडे "सो-कॉल्ड डॉलर" म्हणतात. हिबलर आणि कॅपेन या दोघांनी १९६३ मध्ये त्यांची यादी केली आणि त्यांच्या आडनावांवरून एचके नंबर आले, विकणारा "एचके २०" म्हणाला की समजायचं १८७६ चं चांदीचं अधिकृत मेडल, त्यावर एक स्त्री हातात तलवार घेऊन गुडघ्यावरून उठतेय, टांकसाळीत ठसे कोरणाऱ्या विल्यम बार्बरचं काम आहे ते. यापेक्षा मोठी मेडल्स या यादीत नाहीत, म्हणून नंबर नाही म्हणजे दुर्मिळ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. टांकसाळीत पाडलेल्या शेती आणि यंत्रांच्या संस्थांच्या मेडलांना आर. डब्ल्यू. ज्युलियन यांच्या यादीतले एएम नंबर असतात, बक्षिसाच्या मेडलांसाठी ते लागतात.

सालाच्या बाबतीत एक गंमत आहे ती लक्षात ठेवा. मेडलवरचं साल हे प्रदर्शनाचं साल असेलच असं नाही. शिकागोच्या मेडलांवर १४९२ आणि १८९२ असतं कारण कोलंबस अमेरिकेला पोचल्याला ४०० वर्षं झाली, पण प्रदर्शन भरलं १८९३ मध्ये. टेनेसी राज्याला १८९६ मध्ये १०० वर्षं झाली आणि त्याचं नॅशव्हिलचं प्रदर्शन झालं १८९७ ला. अटलांटा शहराच्या शिक्क्यात आगीतून उठणारा फिनिक्स पक्षी आहे आणि सोबत १८४७, १८६५ ही सालं, ती शहराची, मेडलची नाहीत. ऑनलाइन शोधताना म्हणून सगळी सालं टाकून बघा, आणि नुसतं मेडल नाही तर टोकन, बॅज, कॉइन, चार्म असंही टाका, कारण घर रिकामं करणाऱ्या माणसाला ते काय आहे हे माहीतच नसतं आणि स्वस्तातली चांगली वस्तू नेहमी चुकीच्या नावाखालीच सापडते.

धातू ओळखायला शिका, निम्मं काम तिथंच होतं. तांबं, कांसं, पितळ, सोन्याचा मुलामा, चांदी, ॲल्युमिनियम, आणि सगळ्यात जास्त व्हाइट मेटल. व्हाइट मेटल म्हणजे मुख्यतः कथील, आपल्याकडे पातेल्याला कल्हई करतात तेच, नवीन असताना तशीच चकाकी असते आणि वय झालं की करडं, मंद पडतं. ते मऊ असतं, कडेवर ठोके पडलेले असतातच, त्याला घाबरू नका. ॲल्युमिनियम हातात घेतलं की कागदासारखं हलकं लागतं. हा धातू स्वस्तात काढायची पद्धत १८८६ मध्ये सापडली, त्याआधी तो बराच महाग होता, १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर विजेपासून संरक्षणासाठी तोच बसवला होता. म्हणजे १८९३, १८९५ ची ॲल्युमिनियमची मेडल्स ढिगानं मिळणार, पण १८७६ चं म्हणून कुणी ॲल्युमिनियमचं स्वस्तात देत असेल तर आधी थांबा. १८७६ ची लाकडाची दाबून केलेली मात्र खरंच आहेत.

चांदीची शंका असेल तर घरी तपासता येतं. दागिन्यांचा छोटा डिजिटल काटा घ्या, मेडलचं वजन करा, मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि मेडल दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवून अधांतरी धरा, तळाला टेकू द्यायचं नाही. आता जो आकडा दिसतो त्यानं पहिल्या वजनाला भागा. १०.३ ते १०.५ च्या आसपास आलं तर चांदी, ९ च्या जवळ तांबं, सव्वासातच्या जवळ कथील. नंतर लगेच टिपून कोरडं करा. रिबन लावलेल्याला किंवा लाकडाच्याला हे करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घासू नका. माझं पहिलं तांब्याचं मेडल मी चिंच-मीठ लावून घासलं, देवाची भांडी घासतो तसं, कारण मला तेच माहीत होतं. लखलखीत गुलाबी निघालं आणि शंभराहून जास्त वर्षांचा तो गडद तपकिरी रंग पाच मिनिटांत गेला, आणि तो परत येत नाही. अजून तसंच ठेवलंय, बघितलं की वाईट वाटतं. आपल्याला जुनं तांबं-पितळ चमकवायची सवय असते, पितांबरी, लिंबू, रांगोळी, ती सवय या कपाटापुरती सोडा. हिरवट, चिकट कळंक असेल तर तो बहुतेक मऊ प्लास्टिकच्या पाकिटातून आलेला असतो, त्याला शुद्ध ॲसिटोनमध्ये थोडा वेळ बुडवून न चोळता वाळू द्यायचं, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. नेलपॉलिश रिमूव्हर नाही, त्यात तेल आणि वास घातलेले असतात. आणि मेडलला सेल्युलॉइडचा (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकचा) तुकडा जोडलेला असेल तर ॲसिटोन अजिबात नको, ते विरघळतं.

भोकांबद्दल लोक फार बिचकतात. पुष्कळ मेडल्स तेव्हाच भोक पाडून, रिबनमध्ये ओवून छातीवर लावायला विकली जायची, तसं भोक बरोबर डोक्यावर, स्वच्छ आणि आतूनही जुन्याच रंगाचं असतं. ते मला चालतं. वाईट काय, तर बुजवलेलं भोक आणि कडेला डाक लावून बसवलेली कडी काढून टाकल्याची खूण. फोटो तिरप्या उजेडात मागा, भरलेली जागा वेगळी चमकते. ओतीव नकली असेल तर अक्षरांच्या कडा गोळीसारख्या गुळगुळीत दिसतात, बारीक खड्डे असतात, आणि कडेवर शिवण दिसते. अमेरिकेत १९७३ च्या कायद्यानं नक्कल केलेल्या नाण्यांवर आणि तत्सम वस्तूंवर "कॉपी" असं ठशातच घालावं लागतं, ते शब्द कुणी घासून काढलेत का तेही भिंगातून बघा.

माझा आवडता प्रकार म्हणजे नाव कोरलेली बक्षिसं. न्यूयॉर्कची अमेरिकन इन्स्टिट्यूट, बॉस्टनची मॅसॅच्युसेट्स चॅरिटेबल मेकॅनिक असोसिएशन (अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात गाजलेला पॉल रिव्हिअर तिचा पहिला अध्यक्ष), सिनसिनाटीची औद्योगिक प्रदर्शनं, राज्याराज्यांच्या शेती संस्था, यांनी नांगर, लोणी, शिवणयंत्र, कुलूप, कशाकशाला बक्षिसं दिली. मेडलवर नाव, वस्तू आणि साल असलं की पुढचं काम घरबसल्या फुकट होतं. आधी गूगल पेटंट्सवर आडनाव आणि वस्तू टाका, बऱ्याच वेळा यंत्राचं चित्रच हाती लागतं. मग लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या जुन्या वर्तमानपत्रांच्या साइटवर प्रदर्शनाच्या महिन्यातले अंक चाळा, बक्षिसांच्या याद्या तिथं छापून यायच्या. जुने लिलावाचे कॅटलॉग न्यूमन न्युमिस्मॅटिक पोर्टलवर फुकट आहेत, तिथं तेच मेडल आधी कुणाकडे होतं ते कधीकधी सापडतं. एवढं जुळलं की ते मेडल नुसतं धातूचं राहत नाही, एका माणसाचा कामाचा दिवस तुमच्या हातात असतो. फक्त कोरलेली अक्षरं आतून बाकी मेडलपेक्षा उजळ आणि धारदार दिसली तर नाव मागाहून घातलंय असं धरा. नाव न कोरलेलं कोरं मेडल मिळालं तर कमी पैसे द्या.

शिकागोच्या १८९३ च्या बक्षिसाचं मेडल ७६ मिलिमीटरचं मोठं कांस्याचं आहे, पुढची बाजू शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांची. मागच्या बाजूला त्यांनी काढलेला नग्न मुलगा नको म्हणून ती टांकसाळीतल्या चार्ल्स बार्बरकडून करून घेतली, आणि बक्षीस मिळालेल्याचं नाव ठशातच वेगळा तुकडा बसवून पाडलंय. हजारोंनी वाटली गेली. राजा रविवर्मांची दहा चित्रं या प्रदर्शनात होती आणि त्यांना तिथं बक्षीस मिळालं, हे आपल्याकडे "सुवर्णपदक" म्हणून सांगितलं जातं, पण शिकागोला पहिलं-दुसरं, सोनं-चांदी अशी भानगडच नव्हती, सगळ्यांना एकच कांस्याचं. तेव्हा कुणी शिकागोचं सोन्याचं बक्षीस विकत असेल तर पाकीट खिशातच राहू द्या.

विकत घेताना कॉइन शो, म्हणजे नाण्यांचे भरणारे बाजार, मला सगळ्यात बरे वाटतात, हातात घेऊन बघता येतं आणि म्हातारे विक्रेते विचारलं की भरभरून सांगतात. मेडल कडेनंच धरायचं, अंगठा मधे लावायचा नाही, तिथं बघतात ते. मोठ्या लिलावात बोली लावण्याआधी खरेदीदाराची वरची फी किती ते वाचा, ती धरूनच हिशोब करा.

ठेवायला पीव्हीसी नसलेली पाकिटं किंवा कडक गोल कॅप्सूल घ्या, मापं व्यासाप्रमाणे मिळतात. लाकडी कपाट, विशेषतः ओकचं, टाळा, त्यातून निघणारी आम्लाची वाफ शिशाला आणि शिसं मिसळलेल्या कथलाला खाते. सिलिका जेलच्या पुड्या टाका, मुंबई-कोकणात ठेवत असाल तर पावसाळ्यात दर महिन्याला बदला. आणि प्रत्येकाबरोबर एक चिठ्ठी, कुठलं प्रदर्शन, धातू, व्यास, वजन, नंबर, कधी, कुणाकडून, किती पैसे. मी चिठ्ठ्या मराठीत लिहिते, आणि अटलांटाच्या १८९५ च्या चिठ्ठीवर खाली एक ओळ जास्तीची आहे, त्या वर्षी आमच्या आजोबांचे वडील अकोल्यात सरकी विकायचे.