कुलाबा किल्ल्याची ओहोटी कालनिर्णयातून काढा

नेरूळ-बेलापूरहून पहाटे निघून अलिबाग गाठायचं आणि कुलाबा किल्ल्याभोवती भरती! आदल्या दिवशीच कोळ्यांचा हिशोब करा.

१. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन. (कृष्णपक्षातही १ पासूनच मोजायचं.)
२. त्यात सहा तास मिळवा. नऊला ओहोटी.
३. तासभर आधी चालू लागा. पायात पट्ट्याच्या सँडल हव्यात, खडकावरची कालवं तळवे कापतात.

अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून किनाऱ्यावर विचाराच. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी पुरतं हटत नाही. तो रविवार सोडा.

उत्तर तटावरच्या गाड्यावर चढवलेल्या दोन तोफा मात्र चुकवू नका.

पाणी चढू लागलं की लगेच परता. ‘एकच फोटो’ म्हणत रेंगाळलात, तर होडी शोधावी लागेल. पावसाळ्यात जाऊच नका.