डीएनए दुरुस्त करणारी एन्झाइम्स: प्रयोग करताना या चुका टाळा

“अल्क-बी (डीएनए दुरुस्त करणारं एक एन्झाइम) चालतच नाही” म्हणत कोणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: डीएनए कशात विरघळवलायस? उत्तर “टीई बफरमध्ये” असेल, तर पुढचं काही विचारायची गरज नसते.

ई. कोलाय जिवाणूतलं हे एन्झाइम डीएनएच्या बिघडलेल्या बेसवरचा, म्हणजे 1-मिथाइलअॅडेनिन आणि 3-मिथाइलसायटोसिनवरचा, मिथाइल काढतं आणि तो फॉर्माल्डिहाइड होऊन बाहेर पडतो. त्यासाठी फेरस लोह, 2-ऑक्सोग्लुटारेट आणि ऑक्सिजन तिन्ही लागतात. लोह नसेल तर प्रथिन कितीही शुद्ध असो, काही उपयोग नाही.

माझे यात तीन आठवडे गेले. प्रथिन दोनदा नव्याने शुद्ध केलं, क्लोनचा क्रम पुन्हा वाचून घेतला, 2-ऑक्सोग्लुटारेटची नवी बाटली उघडली. डीएनएवर संशय आलाच नाही, कारण त्याच पद्धतीने विरघळवलेल्या युरेसिलवाल्या ऑलिगोवर (डीएनएच्या छोट्या, कृत्रिम तुकड्यावर) युरेसिल-डीएनए ग्लायकोसायलेज हे युरेसिल काढणारं एन्झाइम छान चालत होतं. पण त्या एन्झाइमला धातू लागतच नाही, धातू पकडून ठेवणाऱ्या ईडीटीएमध्येही ते काम करतं. टीईमध्ये ईडीटीए असतं 1 मिलिमोलर. ऑलिगो दहापट पातळ झाला तरी 0.1 उरतं, आणि मी लोह घालत होते 0.075 मिलिमोलर. म्हणजे सगळंच लोह ईडीटीएने धरून ठेवलं होतं. बफरमधलं मॅग्नेशियम ईडीटीएला गुंतवून ठेवेल, असं मी गृहीत धरलं होतं. तसं होत नाही, ईडीटीए लोहाला मॅग्नेशियमपेक्षा कितीतरी घट्ट पकडतं. ऑलिगो साध्या शुद्ध पाण्यात घेतला आणि त्याच दिवशी जेलवर, मिथाइल निघाल्यावरच कापणाऱ्या रेस्ट्रिक्शन एन्झाइमने कापलेला तुकडा दिसला.

लोहाचं द्रावण कालचं वापरू नका. फेरस अमोनियम सल्फेट मी त्याच दिवशी तोलते, पिवळसर (म्हणजे ऑक्सिडाइज झालेलं) दिसलं की टाकून देते आणि अॅस्कॉर्बेट घातलेल्या मिश्रणात सर्वांत शेवटी मिसळते. “थोडंच तर आहे, कालचं चालेल ना?” हे मला ऐकवत नाही. वाचतात पाच मिनिटं, जातो आठवडा.

निकेल कॉलमवर शुद्ध केलेल्या प्रथिनात लोहाच्या जागी निकेल बसलेलं असू शकतं, तेही तपासा. आणि 131 व्या जागचं हिस्टिडीन बदललेलं, निकामी अल्क-बी तुलनेसाठी शेजारच्या नळीत हवंच.

दुसरी चूक बघून माझा जीव तुटतो: नमुना 95 अंशांवर तापवणं. मिथाइल मिथेनसल्फोनेट या मिथाइल जोडणाऱ्या रसायनाने बिघडवलेल्या डीएनएत 7-मिथाइलग्वानिन आणि 3-मिथाइलअॅडेनिन साखरेला सैलच जोडलेले असतात. तापवलं की ते आपोआप गळतात, अल्कली असेल तर रिकाम्या जागी धागाही तुटतो. मग असे बेस काढणारं अल्क-ए एन्झाइम किती जोरात काम करतंय असं वाटतं, आणि एन्झाइम न घातलेली नळी चालवलेलीच नसते! अल्क-ए स्वतः धागा तोडत नाही, फक्त बिघडलेला बेस काढतं. म्हणून मी 37 अंशांवर एंडोन्यूक्लिएज फोर घालून रिकाम्या जागा कापते. वेळ जास्त लागतो, पण त्या जेलवर माझा विश्वास असतो.

ई. कोलायमधल्या एडा या दुसऱ्या दुरुस्ती-प्रथिनाचा प्रति मिनिट वेग काढत बसू नका. ओ6-मिथाइलग्वानिनवरचा मिथाइल ते आपल्या 321 व्या सिस्टीनवर कायमचा घेतं आणि तो रेणू तिथेच संपतो. एक रेणू, एकच दुरुस्ती. शेवटी किती मिथाइल उचलले गेले ते मोजा, त्यातून सक्रिय रेणू किती होते ते कळतं.

नुसतं एडा जनुक काढून “फरकच दिसत नाही” म्हणू नका. ओजीटी हे दुसरं मिथाइलट्रान्सफरेज पेशीत कायम तयार असतं, तेही काढा. आणि सॅमसन व केर्न्स यांनी 1977 मध्ये दाखवलेला अनुकूलन प्रतिसाद (कमी मात्रेची सवय झालेल्या पेशी पुढची जास्त मात्रा सोसतात तो) हवा असेल, तर आधी मिथाइल जोडणाऱ्या रसायनाच्या कमी मात्रेत पेशी वाढवण्याची पायरी गाळू नका. घाई करणारे नेमकी तीच गाळतात.

मिथाइल मिथेनसल्फोनेट पाण्यात हळूहळू विघटित होतं, म्हणून त्याच दिवशी विरघळवा, तेही फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालून. वेळ संपली की सोडियम थायोसल्फेट घालून थांबवा, नाहीतर धुऊन झाल्यावरही उरलेलं रसायन डीएनए बिघडवत राहतं.